किमान वेतन वाढवावं का, हे अभ्यासायचं तरी कसं? एमएच्या प्रबंधासाठी मदत हवी

दूधगंगाकाठ (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी कागल तालुक्यातली, कोल्हापुरात एमए अर्थशास्त्र करतेय, दुसरं वर्ष. प्रबंधाचा विषय हट्टानं घेतलाय, महाराष्ट्र सरकारनं किमान वेतनाचे दर वाढवावेत का. गाइड सरांनी पहिल्याच भेटीत विचारलं की बाई हा प्रश्न आहे का मागणी आहे, कारण उत्तर आधीच ठरलं असेल तर प्रबंध कशाला, निवेदन लिही आणि कलेक्टर ऑफिसला नेऊन दे. सरांचं बरोबर होतं, माझं उत्तर ठरलेलंच होतं. मम्मी नऊ वर्षं एमआयडीसीत एका पॅकिंगच्या कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला जाते, त्यामुळं वाढलंच पाहिजे असं मला वाटतं आणि ते मी लपवणार नाही, पण आता खरंच शोधायचंय की वाढवल्यावर काय होतं, मम्मीसारख्यांच्या हातात जास्त येतं का काम जातं.

अडचण अशी की पुस्तकात मागणी-पुरवठ्याची ती आकृती आहे, वेतन वर रेटलं की रोजगार खाली, विषय संपला. दुसरीकडं अमेरिकेतला एक अभ्यास सगळीकडं सांगतात की तसं काही झालं नाही. आणि आपल्याकडं तर एक दर पण नाहीये, प्रत्येक उद्योगाचा वेगळा, त्यात भागांप्रमाणं परिमंडळं, त्यात कुशल अर्धकुशल अकुशल, वर विशेष भत्ता. मी अधिसूचना वाचायला बसले आणि दोन दिवस नुसता तक्ताच करत होते.

डोक्यात एक आयडिया आहे. आमच्याकडून हायवेनं अर्ध्या तासात निपाणी, म्हणजे कर्नाटक. माणसं तीच, भाषा तीच, सोयरिकी पण इकडून तिकडं, फक्त सरकार वेगळं आणि वेतनाचा दर वेगळा. मग कागल आणि निपाणी अशी तुलना करता येईल का? आकडे कुठं मिळतील? कुणी असं काम केलं असेल किंवा कारखान्यात, ऑफिसात ही गोष्ट जवळून बघितली असेल तर प्लीज लिहा. मालक असाल तरी लिहा, मला दोन्ही बाजू पाहिजेत.


अर्थबोध (सोमवार, सकाळी ७:१५)

सरांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. 'वाढवल्यावर काय होतं' आणि 'वाढवावं का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पहिला मोजून सुटतो, दुसऱ्यात कुणाचा तोटा आपल्याला चालणार आहे हे ठरवावं लागतं. प्रबंध पहिल्यावर करा, दुसऱ्यावर शेवटच्या प्रकरणात बेधडक मत द्या.

तुम्ही म्हणताय तो अमेरिकेतला अभ्यास म्हणजे कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा. १ एप्रिल १९९२ ला न्यू जर्सीनं तासाचा किमान दर ४.२५ डॉलरचा ५.०५ केला, शेजारी पेनसिल्व्हेनियात काहीच बदल नाही. या दोघांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची मिळून ४१० फास्ट फूडची दुकानं घेतली, वाढ होण्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये फोन करून किती माणसं आहेत विचारलं आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये परत विचारलं. न्यू जर्सीत माणसं कमी व्हायला हवी होती, ती पेनसिल्व्हेनियाच्या तुलनेत कमी झाली नाहीत. १९९४ ला पेपर आला आणि प्रचंड वाद झाला. न्यूमार्क आणि वॉशर हे दुसरे अर्थतज्ज्ञ म्हणाले की फोनवरची माहिती कच्ची आहे, त्यांनी पगाराच्या नोंदी जमवून उलटा निष्कर्ष काढला, मग २००० साली कार्ड-क्रूगरनी सरकारी नोंदी वापरून आपलंच म्हणणं परत तपासलं आणि ते टिकलं. कार्डना २०२१ ला नोबेल मिळालं, क्रूगर तोवर हयात नव्हते. यातनं घ्यायचं ते उत्तर नव्हे, पद्धत घ्यायची. तुमची कागल-निपाणीची कल्पना तीच आहे आणि ती तुम्हाला आपली आपण सुचली याचं मला कौतुक वाटतं.

पण अमेरिकेला जायच्या आधी आपल्या घरातलं उदाहरण बघा, ते आपलीच पोरं वाचत नाहीत याचं वाईट वाटतं. रोजगार हमी योजना. ७२ च्या दुष्काळात पसरली, १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. सुरुवातीला हमीवरची मजुरी कमी होती, त्यामुळं ज्याला दुसरं काहीच नाही तोच खडी फोडायला यायचा, पण जो येईल त्याला काम मिळायचं. १९८८ ला किमान वेतन वाढलं त्याबरोबर हमीची मजुरी एकदम दुप्पट झाली. मजुरी दुप्पट म्हणजे येणारे वाढायला हवेत ना? हजेरी उलट घसरली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी १९९३ ला यावर पेपर लिहिला, त्यांचा निष्कर्ष असा की लोकांना काम नको होतं म्हणून हजेरी घसरली नाही, सरकारनंच कामं काढणं आवरतं घेतलं, म्हणजे कागदावर हमी राहिली आणि प्रत्यक्षात कामाचं रेशनिंग झालं. वाढीच्या बाजूनं असणाऱ्यानं हा पेपर आधी वाचावा. ज्यांना काम मिळालं त्यांचं भलं झालं, ज्यांना मिळालं नाही ते कुठल्याच मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, दिसत नाहीत.

आता आकडे. पीएलएफएस ही सरकारची घरोघरची रोजगार पाहणी २०१७-१८ पासून आहे, त्यात मजुरी मिळते, कारखान्यांसाठी एएसआय ही वार्षिक पाहणी आहे, त्यात कंत्राटी कामगार वेगळे मोजतात. पण तालुक्यापुरतं बोलायचं तर हे दोन्ही तोकडे पडतील, तुम्हाला स्वतः सर्व्हे करावा लागेल. त्यासाठी कायद्यातच एक सोय आहे. सरकारला मूळ दर बदलायचे तर एक रस्ता असा आहे की आधी मसुदा राजपत्रात छापायचा आणि हरकतींना किमान दोन महिने द्यायचे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात हे होतं आणि त्याच्या जागी आलेल्या वेतन संहितेतही आहे. म्हणजे वाढ येणार हे कळलंय पण लागू झाली नाही असे दोन महिने हातात. 'आधी'चा सर्व्हे तेव्हा करायचा, हीच संधी कार्ड-क्रूगरना मिळाली होती.

आणि विशेष भत्ता वाढला म्हणजे किमान वेतन वाढलं असं धरू नका. तो महागाई निर्देशांकाला बांधलेला आहे, आपल्याकडं १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो, कर्नाटकात महागाई भत्ता १ एप्रिलला. महागाईनं जे खाल्लं तेच परत येतं, त्याला वाढ म्हणता येत नाही. खरी वाढ म्हणजे मूळ दर, जो पाच वर्षांत एकदा तरी तपासायचा असतो.

अजून एक, इचलकरंजी २०२२ ला महानगरपालिका झाली. तुम्ही निवडाल त्या उद्योगाच्या अधिसूचनेत त्यामुळं परिमंडळ बदललं का ते नीट वाचा, बदललं असेल तर तुम्हाला राज्याच्या सीमेपर्यंत पण जावं लागणार नाही.


धोटा (सोमवार, दुपारी १:०५)

इचलकरंजीचं नाव निघालं म्हणून लिहितो. ताई, तुम्ही म्हणालात मालक असाल तरी लिहा, तर मी मालक आहे, आठ मागांचा. साधे माग, खर्चीवर चालतात. खर्चीवाला म्हणजे काय हे तुमच्या सरांना कदाचित माहीत नसेल, व्यापारी बीम म्हणजे उभ्या सुताचा रूळ देतो, बाणा म्हणजे आडवं सूत देतो, आम्ही कापड विणून द्यायचं, तो पिकावर, म्हणजे कापडाच्या इंचात बसणाऱ्या आडव्या धाग्यांवर, मजुरी देतो. सूत त्याचं, कापड त्याचं, भाव तो ठरवणार. आमचं काय तर शेड, माग, लाइटबिल आणि कामगार.

आता किमान वेतन वाढलं. कायदा मला सांगतो कामगाराला जास्त दे. बरोबर आहे, द्यायला पाहिजे, माझे वडील आधी दुसऱ्याच्या मागावर कामगार होते, रात्रपाळी करून करून त्यांचे कान गेले, मला कुणी सांगायची गरज नाही. पण व्यापाऱ्याची खर्ची त्या दिवशी एक पैसा वाढत नाही. मी मागायला गेलो तर तो म्हणतो परवडत नसेल तर बीम उतरवून ठेव, दुसरे दहा जण उभे आहेत. मग मी काय करतो, खरं सांगतो, एका कामगाराकडं चार माग होते ते सहा करतो. कांडी भरायला, म्हणजे बाण्याचं सूत गुंडाळायला, बाई होती ती बंद, बायको बसते. घडी मी स्वतः घालतो. तुमच्या पुस्तकातली आकृती आमच्या शेडमध्ये अशी दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे आमच्याकडं महिन्याचा पगार नसतो, मीटरवर मजुरी असते. ५२ पिकाच्या कापडाला अमुक पैसे, मग त्यावर सगळं मोजायचं. सरकारचा दर महिन्याचा, आमचा हिशोब मीटरचा. लाइट गेली, बीम संपलं, नवीन बीम यायला दोन दिवस गेले तर कामगार नुसता बसून, त्याला शून्य. या बसलेल्या वेळेचं काय हे किमान वेतनाच्या तक्त्यात कुठं येतं ते मला दाखवा. २०१५ ला इथं सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावून बीम तयार करणाऱ्या, कामगारांनी किमान वेतनासाठीच संप केला होता, कित्येक आठवडे गाव बंद पडल्यागत झालं होतं, आमच्या घरी बीम नव्हतं म्हणून माग बंद आणि सायझिंगवाल्यांच्या घरी पगार नव्हता म्हणून चूल बंद. मला कुणाचा राग नव्हता पण त्या दिवसांत आमच्याशी बोलायला ना सरकार आलं ना व्यापारी.

माझं एवढंच म्हणणं आहे की अभ्यासात मालक म्हणून एकच माणूस धरू नका. आठ मागवाला, शंभर ऑटोलूमवाला आणि व्यापारी हे तीन वेगळे आहेत. वाढलेला पैसा यातल्या कुणाच्या खिशातनं येतो ते बघा. आणि आमच्या गल्लीतले माग भंगारात गेले त्याचं कारण विचारायला याल तेव्हा नुसतं 'वेतनामुळं का' असं विचारू नका, कोणी पण हो म्हणेल. कधी विकले, त्या महिन्यात सुताचा भाव काय होता, लाइटबिल किती आलं होतं, असं विचारा.


दूधगंगाकाठ (सोमवार, रात्री ८:३०)

धोटादादा, मनापासून धन्यवाद. कांडीच्या बाईबद्दल वाचून थांबले मी. ती बाई सर्व्हेत कुठं येणार, कारण मी आज कामावर असलेल्यांनाच विचारणार होते. आता कामावरनं कमी झालेल्यांना पण शोधायचं ठरवलंय, गल्लीत विचारून. तुमच्याकडं आले तर चालेल का?

अर्थबोध सर, हमीचा पेपर मिळाला, वाचतेय. एक विचारायचं होतं, सर्व्हेत पगार विचारला तर लोक खरं सांगत नाहीत असं मैत्रिणी म्हणतात, मग कंपन्यांची पगारपत्रकं किंवा पीएफचे आकडे मिळाले तर ते जास्त भरवशाचे ना? न्यूमार्कवाल्यांनी तेच केलं होतं.


मस्टरवाली (सोमवार, रात्री ११:५०)

नाही ताई. तेच सांगायला लॉगिन केलं.

मी पुण्याच्या बाजूला एका लेबर कॉन्ट्रॅक्टरकडं पाच वर्षं पगारपत्रकं करायचे. आता ते काम सोडलंय. कुणाचं नाव घेणार नाही, आणि हे एकाच ठिकाणी होतं असंही नाही.

पगारपत्रकावर रोजचा दर नेहमी बरोबर असतो. रुपयाचा फरक सापडणार नाही, कारण ऑडिटला कंपनी तेवढंच बघते. चूक असते ती दिवसांत. समजा कायद्यानं रोज ५०० बसतो आणि ठेकेदारानं बाईला तोंडी सांगितलंय महिन्याला साडेनऊ हजार. बाई २६ दिवस येते. २६ गुणिले ५०० म्हणजे १३ हजार द्यायला पाहिजेत. मग मी काय करायचे, साडेनऊ हजार भागिले ५००, आले १९. पगारपत्रकावर हजेरी १९. पीएफ १९ दिवसांवर, ईएसआय १९ दिवसांवर, बँकेत साडेनऊ हजारातनं कपात जाऊन जमा. सगळं कायदेशीर दिसतं. गेटवरचं मस्टर वेगळं, ते निळ्या रजिस्टरमध्ये मुकादमाकडं असायचं, त्यात २६ च असायचे कारण कंपनीकडनं बिल २६ चं घ्यायचं असतं. मधले सात दिवस कुठं गेले ते मी सांगायला नको.

आता तुमच्या प्रश्नाचं. जानेवारीत नाहीतर जुलैमध्ये दर वाढला की परिपत्रक यायचं. समजा ५०० चे ५५० झाले. मालक म्हणायचे हातातलं तेवढंच ठेव. साडेनऊ हजार भागिले ५५०, आले सतरा आणि थोडे. मी १७ दिवस लिहायचे, वर थोडा इन्सेंटिव्ह दाखवायचे. म्हणजे दर वाढला आणि दिवस कमी झाले. बाई तशीच २६ दिवस येत होती, तेवढाच पगार घेत होती, तिला कळलं पण नाही की सरकारनं तिचं वेतन वाढवलंय.

दुसरीकडं याच्या उलटं चालतं, बँकेत पूर्ण पैसे टाकतात आणि दहा तारखेच्या आत कॅशमध्ये परत घेतात. एटीएम कार्डं ठेकेदाराच्या कपाटात रबर लावून ठेवलेली मी बघितलीयत, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून पिन लिहिलेला.

मी हे सगळं माझ्या हातानं टाइप केलंय. घरात पगाराची गरज होती म्हणून केलं. अजून त्या बायकांची नावं पाठ आहेत. तुमच्या प्रबंधाला काय लागेल ते विचारा, नाव न घेता सगळं सांगेन.


अर्थबोध (मंगळवार, सकाळी ६:५०)

मस्टरवालीताई, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल आभार मानावे तेवढे थोडे. मी वीस वर्षं हा विषय शिकवतोय आणि काल रात्री तुमचं वाचून झोप लागली नाही.

याचा अर्थ काय होतो ते लक्षात घ्या, दूधगंगाकाठ. समजा तुम्ही मोठ्या कष्टानं पगारपत्रकं मिळवली, वाढीआधीची आणि नंतरची. तुम्हाला काय दिसेल? रोजचा दर ५०० चा ५५० झाला, म्हणजे अंमलबजावणी चोख. मनुष्यदिवस १९ चे १७ झाले, म्हणजे रोजगार घटला. हुबेहूब पुस्तकातली आकृती. तुम्ही प्रामाणिकपणे लिहाल की वेतनवाढीमुळं रोजगार दहा टक्क्यांनी कमी झाला, आणि ते छापून येईल, आणि कुणीतरी मंत्रालयात ते दाखवून म्हणेल बघा वाढ करू नका. प्रत्यक्षात काहीच झालेलं नाही. ना पगार वाढला, ना काम कमी झालं. कार्ड-क्रूगरच्या वादात पगाराच्या नोंदी फोनपेक्षा भरवशाच्या मानल्या गेल्या, इथं कागदच उलटं सांगतोय.

पीएलएफएससारख्या सर्व्हेत निदान माणूस स्वतः सांगतो की किती मिळाले. २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीत म्हटलं होतं की देशातल्या दर तीन मजुरांमागं एकाला किमान वेतनाच्या कायद्याचं संरक्षण नाही. त्याच पाहणीत मोजणी आहे की देशात ४२९ अनुसूचित रोजगार, म्हणजे किमान वेतनाच्या यादीतली कामं, आणि त्यात अकुशल कामगारांचे १,९१५ प्रकार. इतकं गुंतागुंतीचं असल्यावर स्वतःचा दर कोणत्या कामगाराला सांगता येणार.

माझा सल्ला बदलतोय. आधी हे मोजा: दर आणि हातात येणारी रक्कम यांच्यात अंतर किती आणि दर वाढल्यावर ते अंतर वाढतं का कमी होतं. कागल आणि निपाणी दोन्हीकडं. रोजगारावरच्या परिणामाकडं त्यानंतर जा.


निवृत्त_काका (मंगळवार, दुपारी ४:२०)

बाळ, मी कामगार खात्यातून निवृत्त झालेला माणूस, फील्डवर बरीच वर्षं काढली. वरचं सगळं खरं आहे आणि आम्हाला ते ठाऊक होतं हे मान्य करतो. पण हातात काय असायचं, तीन तालुके, एक शिपाई आणि तक्रार द्यायला कुणी तयार नाही. बाई ऑफिसच्या दारापर्यंत यायची आणि नाव लिहा म्हटलं की परत जायची.

तू 'वाढवावं का' म्हणतेस त्यात एक गोष्ट राहतेय. किती असावं हे काय वाऱ्यावर ठरत नाही, त्याची मोजपट्टी आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय कामगार परिषदेत ठरलं: कमावणारा एक, खाणारी तीन युनिटं. पुरुष एक, बायको पॉइंट आठ, दोन मुलं पॉइंट सहा-सहा. माणशी २७०० कॅलरी, वर्षाला कुटुंबाला ७२ यार्ड कापड, घरभाडं, वर इंधन-दिवाबत्ती आणि किरकोळ मिळून २० टक्के. १९९१ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यासाठी आणखी २५ टक्के धरा. नंतर अनूप सत्पथी समितीनं २०१९ ला पट्टी बदलायची शिफारस केली, २४०० कॅलरी पण सोबत ५० ग्रॅम प्रथिनं आणि ३० ग्रॅम चरबी, आणि युनिटं ३.६, त्यावर जुलै २०१८ च्या किमतीनं देशाची सरासरी काढली रोज ३७५ रुपये. त्या वेळी केंद्राचा तळाचा दर होता १७६. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली, त्यात तळवेतन कायद्यातच आलं आणि राज्याला त्याच्या खाली जाता येत नाही, आणि अनुसूचित रोजगार असो नसो सगळ्यांना किमान वेतन लागू.

तर तू एक कर. कागलच्या आठवडी बाजारात वही घेऊन जा, तूरडाळ, तेल, ज्वारी, अंडी, गॅस, खोलीभाडं, सगळं लिही आणि १९५७ ची पट्टी लावून तुझ्या गावचा आकडा काढ. तो एका रकान्यात, सरकारी दर दुसऱ्या, हातात येणारे पैसे तिसऱ्या. आम्ही दर सुचवणाऱ्या समितीपुढं टिपणं द्यायचो तेव्हा हा तिसरा रकाना कधी नसायचाच. मालक म्हणायचे परवडत नाही, युनियन म्हणायची पुरत नाही, आणि मधला आकडा धरायचे.

अभ्यास नीट नसला तर वाढ कोर्टात टिकत नाही हे पण लक्षात ठेव. दिल्ली सरकारनं मार्च २०१७ ला किमान वेतन जवळपास ३७ टक्क्यांनी वाढवलं, अकुशल कामगाराचे ९,७२४ चे १३,३५० झाले. ऑगस्ट २०१८ ला हायकोर्टानं ते रद्द केलं, कारण समितीच नीट नेमलेली नव्हती आणि निर्णयाला आधार दाखवता आला नाही. मग सुप्रीम कोर्ट, परत सगळं पहिल्यापासून, नवी अधिसूचना यायला २०१९ चा ऑक्टोबर उजाडला. वाढीच्या बाजूनं असणाऱ्यांनीच अभ्यास जास्त काटेकोर करावा असं मी म्हणतो ते यामुळं.

धोटा, तुम्हाला एक सांगतो, राग मानू नका. किमान वेतन देऊ न शकणाऱ्या उद्योगाला चालू राहायचा हक्क नाही असं सुप्रीम कोर्ट पन्नासच्या दशकातच म्हणालंय. आणि १९८२ च्या, एशियाडची बांधकामं करणाऱ्या मजुरांच्या निकालात, किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही वेठबिगारी, असंही म्हटलंय.


धोटा (मंगळवार, रात्री १०:१०)

काका, राग नाही, पण हे वाक्य मला लागलं. हक्क नाही तर नाही. मग माझ्याकडनं काम करून घेणाऱ्याला कुठला हक्क आहे? माझ्या कामगाराचं किमान ठरवलंत, माझ्या खर्चीचं किमान कोण ठरवणार? ठेकेदारानं पगार बुडवला तर कंपनीला भरावा लागतो असं मी ऐकलंय. आमच्या व्यापाऱ्याला तसं का नाही?

ताई, घरी या. शेडमध्ये बसून बोलू, फक्त माग चालू असताना आवाजात ऐकू येणार नाही, शुक्रवारी या, लाइट बंद असते. कांडीवाली बाई आमच्या मागच्या गल्लीत राहते, तिच्याकडं पण नेतो. तिच्यापुढं काय बोलायचं ते मला अजून कळलेलं नाही.


निवृत्त_काका (बुधवार, सकाळी ९:००)

धोटा, तुमचा प्रश्न रास्त आहे. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत तशी सोय १९७० पासून आहे, ठेकेदारानं नाही दिलं तर मुख्य मालकानं द्यायचं. पण खर्चीच्या धंद्यात व्यापारी हा मुख्य मालक धरला जात नाही, तो म्हणतो मी फक्त कापड विणून घेतो. बाळ, हा मुद्दा प्रबंधात घे, यावर समितीत कधी चर्चा झालेली मी ऐकली नाही.


दूधगंगाकाठ (बुधवार, रात्री ११:२५)

आज घरी जे झालं ते लिहिते.

मस्टरवालीताईंचं वाचल्यापासून मन लागत नव्हतं. मम्मीला म्हटलं तुझी पगाराची पावती दे. ती म्हणाली असली तर देव्हाऱ्याखालच्या डब्यात असेल, आम्ही कुठं बघतो, पैसे आले की झालं. डब्यात तीन पावत्या मिळाल्या, एक रेशनकार्डात घडी करून ठेवलेली. हजेरी १९, १८, १९.

मग स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढलं. मम्मी दुधाचा हिशोब कॅलेंडरवर लिहिते, एक लिटर अर्धा लिटर असं, आणि ज्या दिवशी कामावर जात नाही त्या दिवशी कोपऱ्यात छोटं 'खा' लिहिते, खाडा. मी लहान असल्यापासून ती हे लिहिते. पहिल्या महिन्यात एक खाडा, माझा ताप होता. दुसऱ्यात दोन, मावशीकडचं लग्न. तिसऱ्यात एकही नाही. रविवार सोडून मोजलं. २५, २४, २६. पावतीवर १९, १८, १९. तीन महिन्यांत १९ दिवस गेलेत, म्हणजे कागदावरचा एक आख्खा महिना.

मम्मीला दाखवलं. ती बराच वेळ कॅलेंडरकडंच बघत होती, मग म्हणाली, तिसऱ्या महिन्यात मी एक पण खाडा केला नव्हता ना गं. एवढंच म्हणाली आणि भाकऱ्या थापायला लागली.

सर, माझा प्रश्न बदललाय. सरकारनं दर वाढवला तर मम्मीच्या पावतीवर १७ येणार आणि हातात तेवढेच. तरी दर वाढवू नये असं मला म्हणायचं नाहीये, कारण काकांच्या पट्टीनं आमच्या घराचा आकडा आजच्या दराच्या पण वर जातो, आज कच्चा हिशोब केला. पण 'वाढवावं का' च्या आधी 'पोचतं का' हे प्रकरण एक होणार आणि ते मी कॅलेंडरांवर करणार. आमच्या गल्लीतल्या सात बायका त्याच गाडीनं जातात, त्यातल्या बऱ्याच जणी असंच लिहितात. निपाणीला मावशी आहे, तिच्या शेजारणींना विचारते.

दोन शंका आहेत. मम्मीला नमुन्यात घेऊ का? आणि हे विचारल्यामुळं कुणाचं काम गेलं तर? दुसरी शंका मोठी आहे.


मस्टरवाली (गुरुवार, सकाळी ६:१०)

ताई, मम्मीला नमुन्यात घेऊ नका, तिच्यावरनं प्रश्नावली तयार करा. आणि ठेकेदाराकडं, मुकादमाकडं कुठंही जाऊ नका, गाडीत पण विषय काढू नका. बायकांच्या घरी, संध्याकाळी, एकेकीला. नाव, कंपनी, ठेकेदार काहीच लिहायचं नाही, फक्त नंबर. पावती मागू नका, पीएफचं पासबुक मोबाइलवर तिचं तीच उघडेल असं शिकवा. त्यात महिन्याला किती पीएफ गेला ते दिसतं, त्यावरनं कागदावरचा पगार निघतो, त्याला दरानं भागलं की दिवस निघतात. कंपनीतनं एक कागद लागत नाही. एवढं तिला येऊ लागलं तर तुमचा सर्व्हे संपल्यावर पण ती बघत राहील.


निवृत्त_काका (गुरुवार, सकाळी ८:४५)

मम्मींना सांग ते कॅलेंडर वर्ष संपल्यावर टाकू नका. ग्रॅच्युइटीला वर्षाचे २४० दिवस भरावे लागतात. महिन्याला १९ धरले तर बारा महिन्यांचे होतात २२८. पगारी सुट्ट्या धरतात खऱ्या, पण त्या पगारी होत्या हे कागदानं दाखवावं लागतं आणि कागद तर ठेकेदाराचा. नऊ वर्षं झाली म्हणालीस. त्यांच्या हातचा तेवढाच पुरावा आहे.


दूधगंगाकाठ (गुरुवार, दुपारी २:००)

काका, मागच्या वर्षांची टाकलीत म्हणते मम्मी.


धोटा (गुरुवार, दुपारी २:३५)

ताई, तुमची जुनी वह्यापुस्तकं बघा माळ्यावर. कव्हरं कशाची घातली होती?